खुर्चीतला पेशंट

"अहो, पेशंटनं खाटेवर पडायचं असतं. खुर्ची सोबतच्या माणसाची."

वकीलसाहेब खुर्चीतून हलले नाहीत. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, आणि तरी पाय पसरून असे बसलेले, जणू पक्षकाराची वाट बघतायत. वर तिलाच म्हणाले, "तू टेक ना मागे. आराम कर."

ती खाटेवर बसली होतीच. दुसरी जागा होती कुठे त्या खोलीत? नवऱ्यानं खुर्ची बळकावली की बायकोनं पेशंटची खाट अडवायची. सगळा उफराटा कारभार.

अर्धं आयुष्य तिनं ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात घालवलं होतं. दर रविवारी शेवटचा तास एकाच विषयाचा: अपघात झाला, मार लागला, तर काय करायचं. तिचे विद्यार्थी तो तास झोपेतसुद्धा म्हणून दाखवतील. घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र पालथ्या घड्यावर पाणी. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

आज तेच झालं. दोघं तिच्या वर्गालाच निघाले होते. वळणावर ती म्हणाली होती, "आरसा बघा, आरसा." स्टिअरिंगवर बसलेले वकीलसाहेब तेव्हा कुणाच्या तरी सामाईक भिंतीचा खटला समजावून सांगत होते. मग तो ट्रक, मोठा आवाज, आणि एकदम ही खोली.

"गाडीचे फोटो काढले?"

"काढले."

"ट्रकचा नंबर?"

"घेतला."

"पोलिसांना, विमावाल्यांना कळवलं?"

"दोघांना."

"आणि चूक माझीच झाली, असं रस्त्यात कुणापुढे बोलून नाही ना बसलात?"

"तिथे नाही बोललो."

तिला हे काही ठीक वाटेना. हा माणूस भाजीत मीठ कमी आहे की जास्त, यावरही उलटतपासणी घेणारा. आज नुसतं हो ला हो. भांडले असते तर बरं वाटलं असतं. डोक्यात मागे अंबाड्याची पिन टोचत होती, पण या माणसापुढे ती काढायलाही सवड नव्हती.

"डोक्याचा फोटो काढला का?"

"माझा हातच मोडलाय गं."

"हात दिसतो म्हणून. डोक्याचा मार दिसत नाही. माझ्या वर्गातले ते बेकरीवाले आठवतात? धडकेनंतर चालत घरी गेले, हसले, बोलले, चहा प्यायले, आणि सकाळी उठलेच नाहीत. म्हणून सांगतेय. एकच गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा विचारतो, उजेड सोसत नाही, उगाच चिडचिड करतो. ही लक्षणं. ऐकताय ना?"

"ऐकतोय. अगं, किती वेळा..."

"काय किती वेळा?"

"काही नाही. बोल तू."

"तो पडदा ओढा आधी. ऊन येतंय तुमच्या डोळ्यांवर."

वकीलसाहेबांची खिडकीकडे पाठ होती. तरी ते मुकाट्यानं उठले आणि पडदा ओढून आले.

ते परत येताना तिचं लक्ष त्यांच्या प्लास्टरकडे गेलं. कडा मळून काळ्या झालेल्या, आणि वर कुणीतरी निळ्या शाईनं मिशाळ मांजर काढलेली.

"आत्ता घातलं आणि आत्ता मळवलंत? कमाल आहे तुमची. नवी वस्तू तासभर धड राहील तर शपथ. आणि ही मांजर कुणाची?"

"नातीनं काढली."

लेकीचं घर पूर्ण एका दिवसाच्या प्रवासावर. सकाळी घरून निघताना ती नातीशी फोनवर बोलली होती, आणि पोरगी तिकडे अंथरुणात लोळत होती.

"नात आली होती? इथे?"

"हो. तुझ्या मांडीवर बसून काढली."

मघापासूनचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. वर्गात विचारायला शिकवते तोच प्रश्न तिनं विचारला, अगदी सावकाश.

"अहो, माझ्याकडे बघा. आज वार कोणता?"

त्यांनी मान खाली घातली. "तू चिडशील."

"नाही चिडत. सांगा."

"गुरुवार."

जन्मभर या माणसानं वाद घालून तिचं डोकं उठवलं होतं. पण घरात तो आवाज नसेल, हा विचारच तिला सोसवेना. उशाशी घंटेचं बटण होतं, ते तिनं दाबलं आणि दाबूनच धरलं.

नर्स लगबगीनं आत आली.

"सिस्टर, यांना आधी डोक्याच्या तपासणीला न्या. भलतंच बोलतायत. रविवार आहे तर गुरुवार म्हणतात, इथे नसलेली नात आली होती म्हणतात. बोलून बोलून थकले मी. माझं ऐकत नाहीत हो ते, तुम्ही तरी सांगा." शेवटी तिचा आवाज फुटलाच.

नर्सनं वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते डोळे पुसत होते.

"घाबरू नका, काकू. काका ठीक आहेत," नर्स म्हणाली. खुर्चीला वळसा घालून ती खाटेपाशी आली, तिच्या पाठीमागची उशी तिनं सारखी केली.

ती मेली पिन आता फारच टोचायला लागली होती. उपटून काढावी म्हणून तिनं हात मागे नेला, तेवढ्यात नर्सनं तिचं मनगट हलकेच धरलं.

"पिन नाहीये ती, काकू. टाके आहेत. कालही सांगितलं होतं तुम्हाला."