तिसरा पट्टा

जुन्या बाजारातून मी स्वस्तातला, गंजलेला वस्तरा आणला. गंज काढून ओल्या दगडावर पातं इतकं संथ फिरवत राहिले की खोलीलाही डुलकी लागली. खिडकीपाशी खुर्चीत बाबा होते. चाळीस वर्षं गावाच्या दाढ्या केलेला हा माणूस वर्षभर कुणाशी बोलला नव्हता. मलाही ओळखत नव्हता. डोळ्यांत नुसतं धुकं. शेवटी धार घोटायला खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवून मी चुकून वस्तऱ्याची धार पुढे सरकवली. पट्टा चर्रकन चिरला. “ठमे, पाठ पुढे, धार मागे! कितीदा सांगायचं?” धुक्यातून आवाज आला. लहानपणीचं ते नाव मीसुद्धा विसरले होते. वळून पाहिलं, तर बाबा माझ्याकडे बघून हसत होते. मग धुकं परत दाटलं. हल्ली रोज सकाळी ठमी ओरडा खाते. हा तिसरा पट्टा. धार लावायला मी काही केल्या शिकत नाही.