वाटेत हरवलेली ऊब

"एकशे चाळीस!" दिनानाथ साहेबांनी कागदावर ठासून लिहिलं. खोलीतला तापमापक मात्र पंचाण्णवच दाखवत होता. तो काही साहेबांइतका शिकलेला नव्हता.

सन एकतीसच्या त्या दिवशी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर मासळीवाल्या शेटसाठी साहेबांनी उभारलेल्या नव्या यंत्राची परीक्षा होती. भट्टीत हवा तापायची, इंजिनावरचा पंखा ती साठ फूट लोखंडी पाईपातून पुढे ढकलायचा आणि पलीकडच्या खोलीत ओले बोंबील दिवसभरात वाळायला हवे होते. ते वाळले की बायजा कोळणीचं मासळी वाळवायचं खळं जाणार होतं. तिच्यासह बारा कोळणी तिथे बांबूंवर बोंबील वाळवत. जमीन शेटची. यंत्र चाललं तर दुसरी खोली तिथेच उठणार होती.

दुपार झाली. भट्टीशी दीडशे अंश फॅरनहाइट. वाटेत दहा जातील, असं साहेबांचं गणित, गेले पंचावन्न. साहेबांनी गणित तिसऱ्यांदा केलं. उत्तर तेच आलं, म्हणजे चूक हवेचीच होती. खोलीतल्या बोंबलांना वास सुटला. बायजाला तो अत्तरासारखा वाटला.

ती साहेबांना पाण्याचा तांब्या द्यायला गेली. देऊन मुकाट परत यावं, तर ती बायजा कसली! तिच्या जिभेला सारा कोळीवाडा वचकून असे.

"काय सायेब, ऊब हरवली? कागदात गावंल का?"

"तुला यातलं काय कळतं, बाई?"

"मना काय कलनार! पन पोर जल्मला का आमी त्याला गुंडालतांव. तुमचा पोर सकालपासून वाऱ्यात नागडा निजलाय. पेंढा गुंडाला, गोनपाट नेसवा त्याला, म्हंजे बारसा तरी होईल!"

आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती खो खो हसली. साहेब हसले नाहीत. ते नुसते पाईपाकडे बघत राहिले. तेव्हा कुठे बायजाने हसणं थांबवून जीभ चावली.

शेटनी आणखी एक दिवस दिला. दुसऱ्या संध्याकाळी पेंढ्यात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या पाईपाच्या टोकाला एकशे तीस अंश होते आणि बोंबील काटक्यांसारखे कडकडत होते. खळ्यावरच्या बाया पदर खोचून चालून आल्या.

"सायेब, ही पेंढ्याची अक्कल तुमाला दिली कोनी?" कोकिळा गरजली. "नाव सांगा. जीभच हासडतंय त्याची!"

साहेबांनी छाती फुगवली. "कोणी म्हणजे? माझ्या गणितातूनच निघाली ती."

आयुष्यात पहिल्यांदाच बायजा टोमणा न मारता बोलली, "व्हय गो बायांनो, सायेब लय हुशार हाय."