समुद्राची ओटी

नारळ पुन्हा परत आला. खणात घट्ट बांधलेला, हळदीकुंकवाने माखलेला तो नारळ लाटेवर डुलत डुलत आला आणि सखुबाईच्या पायापाशी वाळूत येऊन बसला.

सखुबाईचा चेहरा उतरला. मागे उभी असलेली घरची मंडळीही हिरमुसली, कारण तिचा हुकूमच तसा होता: समुद्राने ओटी घेतल्याशिवाय कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. स्वराज आणि सृष्टी ही नातवंडं सकाळपासून कपडे काढून तयार होती. उंटावर बसून झालं, घोडागाडी झाली, बर्फाचे गोळे दोनदा झाले. ज्याच्यासाठी नाशिकहून रात्रभर सुमोत अंग चोरून बसत मुरूडला यायचं, तो समुद्र मात्र लांबूनच बघायचा.

नवं पाणी दिसलं की त्याची ओटी भरायची, ही सखुबाईची जन्माची सवय. रामकुंडावर तिने आजवर कितीतरी नारळ सोडले. गंगा, म्हणजे तिथली गोदावरी, ते मुकाट्याने घेऊन जायची. पुढे पोरं ते पाण्यातून काढून घेतात हे अख्ख्या नाशिकला ठाऊक होतं, पण नजरेआड झालं म्हणजे पोचलं, असं सखुबाईचं साधं गणित. इथलं पाणी भलत्याच वळणाचं निघालं. गेलेलं पाणी परत येतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

तिचा नवरा मोतीराम चुळबुळत होता. मखमलाबादचा भाजीचा मळा शेजारच्या पुंजारामवर सोपवून तो आला होता, आणि वाटेत दिसेल त्या एसटीडी बूथवरून फोन करून कोथिंबिरीला पाणी दिलं का म्हणून पुंजारामचा जीव खात होता.

तो आला होता तेही सुनेच्या हट्टापायी. सुवर्णा दर मे महिन्यात मनमाडला माहेरी जायची. मळ्यात हात कमी पडतात म्हणून तिचा नवरा कुंदन कुरकुरला, की मोतीराम त्याला झापायचा. माहेरी निघालेल्या बाईला अडवायचं नाही, हा त्यांच्या घरचा वडिलोपार्जित नेम. सखुबाईसाठी तो पाळायची वेळच कधी आली नाही. तिचे आईबाप लहानपणीच गेले, भाऊ नव्हता, आणि हरसूलच्या ज्या मावशीने तिला वाढवलं तीही लग्नानंतर लवकरच गेली. सून निघाली की सखुबाई रिक्षा वळेपर्यंत दारात उभी राहायची. सुवर्णाला ते दिसायचं. यंदा तिने मनमाडचं नावच काढलं नाही. आईंना समुद्र दाखवायचा, म्हणून हटून बसली. शेवटी मोतीरामने मान हलवली, पण अट घालून. समुद्र एकदाच. पुन्हा घरात त्याचं नाव निघता कामा नये. सखुबाईने आनंदाने कबूल केलं.

आणि आता हा नारळ. घोडागाडीवाला म्हणाला, भरती चालू आहे, संध्याकाळी ओहोटीला सोडा, जाईल. पण सुमोवाला रावजी दुपारीच निघायचं म्हणत होता. मग मोतीरामने मामला हातात घेतला. पायजमा वर खोचून तो नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात शिरला. सगळ्यांकडे पाठ केली, फेकल्यासारखा हात हवेत फिरवला, आणि नारळ हळूच पायाखाली घेऊन वाळूत दाबला.

"घेतला बरं का," त्याने तोंड वळवून सांगितलं.

पोरं ओरडत पाण्यात घुसली. कुंदन आणि सुवर्णाही धावले. सखुबाई हात जोडून काठावरच्या पाण्यात बसली आणि अंगावर लाटा घेत लहान मुलीसारखी हसू लागली. तिला असं हसताना घरात कुणी पाहिलं नव्हतं. फक्त मोतीराम जागचा हलेना. नातवंडांनी हात ओढले, कुंदनने पाणी उडवलं, पण तो आपला एकाच जागी पाय रोवून, मळ्यातल्या बुजगावण्यासारखा. समुद्र मला इथूनच बरा दिसतो, म्हणाला.

रस्त्यावरून रावजीने हॉर्न दिला. सगळे बाहेर निघू लागले आणि नेमकी तेव्हाच मोठी लाट आली. मोतीराम सपशेल आडवा झाला. पायाखालचा नारळ सुटला, उसळला, लाटेबरोबर काठाकडे धावला आणि उठायच्या बेतात असलेल्या सखुबाईच्या थेट मांडीवर येऊन पडला.

मोतीराम तोंडातलं खारं पाणी थुंकत उठला. आता चारचौघांत आपली बिनपाण्याने होणार, हे त्याला कळून चुकलं होतं. सखुबाई नारळाकडे बघत राहिली. हळदकुंकू धुऊन गेलं होतं, खणाची गाठ तशीच होती.

"ऱ्हाऊ दे आता," मोतीराम चाचरत म्हणाला. "नको हाय त्याला ते."

सखुबाईने ओला पदर पसरला. नारळ त्यात ठेवला, पदर कमरेला नीट खोचला आणि वाकून पाण्याला नमस्कार केला.

"नको नाय," ती म्हणाली. "आपुन निघालो ना, म्हणून माझी ओटी भरली त्यानं. रिकामी कशी धाडंल?"

तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. सुवर्णाने पुढे होऊन सासूचा हात धरला. मनमाडहून निघताना तिची आई तिचा पदर असाच भरायची.

मोतीराम ओल्या कपड्यांनिशी सुमोत पुढे जाऊन बसला. कोपऱ्यावरचा बूथ दिसताच रावजीने सवयीने गाडी हळू केली आणि मळ्यात फोन लावायचा का, विचारलं.

"फोन ऱ्हाऊ दे," मोतीराम म्हणाला. "पुढच्या मे महिन्यात गाडी मोकळी ठेव. हिला माहेरी आणायचंय."