कोमट पाणी

निकितानं सासऱ्यांच्या पायांजवळ घमेल्यात बोट घातलं आणि चटकन मागं घेतलं. "अहो आई, पाय बाहेर काढा आबांचे! कढत आहे पाणी!"

रंगनाथआबांनी पाय उचलले. घोट्यापर्यंत लालबुंद! करंगळीची कातडी तर पाण्यातच सुटली होती. आबा मात्र खुर्चीत निवांत. "काय झालं गं पोरी?" त्यांनी विचारलं.

साखरेनं त्यांच्या पायांचं पार वाटोळं केलं होतं. तळव्यांची आग आग व्हायची, मुंग्या यायच्या, पण चटका बसला तर कळायचा नाही. कसलं मेलं हे दुखणं! रोजच्या गोळीनं आग जरा शमायची, इतकंच. डाव्या पायाचा अंगठा मागल्या वर्षीच काढावा लागला होता. तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, बायडाबाईला बजावलं होतं, "पाय कोमट पाण्यानंच धुवायचे. गरम-गार त्यांना कळणार नाही, तुम्ही आधी हात घालून बघायचं. पुन्हा जखम झाली तर पाय जाईल."

मखमलाबादेत झेंडू तोडण्यात जन्म गेलेली ही बाई तेवढा नेम देवपूजेसारखा पाळायची. एक दिवस चुकली नव्हती.

रिक्षात निकिताला राहवेना. "आई, आज हात घालायला विसरलात ना?"

"इसरंल कशी? चांगली चारी बोटं बुडवली व्हती. कोमट लागलं गं!"

"माझं बोट भाजलं, आणि तुम्हाला कोमट लागलं?"

देवीची शपथ घेतली तरी कोण खरं मानणार? आता तर बायडाबाईचं तिलाच खरं वाटेना. धन्याचा पाय आपण आपल्या हातानं घालवला, या विचारानं तिच्या काळजाला घरं पडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बराच वेळ निरखला. "डावा वाचणं कठीण आहे," ते म्हणाले. मग रागानं बायडाबाईकडे वळले, "आजी, तुम्हाला इतकं सांगूनही..." आणि मध्येच थांबले. "तो हात दाखवा बघू."

तिनं उजवा हात पुढं केला. बोटांवर टपोरे फोड आले होते. ती स्वतःच बघत राहिली.

"बोटं बधिर कधीपासून आहेत?"

"बधिर कशाची, डाक्टर? काम करून निबर झालीत."

"तुमची साखर कधी तपासली होती?"

"माझी कशाला? साखर ह्यांना हाय. मला काय धाड भरली?"

डॉक्टरांनी सिस्टरला खूण केली. सिस्टरनं बायडाबाईचा डावा हात हातात घेतला. सुईची तिला पहिल्यापासून लय धास्ती. तिनं तोंड फिरवलं, डोळे गच्च मिटले आणि श्वास धरून बसली.

"टोच ना माय एकदाची," शेवटी ती वैतागून म्हणाली, "किती वाट बघायला लावशील?"

सिस्टर तिच्या बोटावर कापूस दाबून उभी होती. "आजी," ती हळूच म्हणाली, "टोचून झालंय."