कडेला कोण बसणार?

हॉल टीचभर आणि माणसं डझनभर. धाकटा पुतण्या कॅमेरा घेऊन मागे सरकत भिंतीला टेकायचा, तरी कुणाचा तरी खांदा फोटोबाहेर राहायचाच. "जरा चिकटून बसा" म्हटलं तर कुणी इंचभर हलेल तर शपथ! काकू आणि आत्या तर वर्षभर एकमेकींशी धड बोलतही नव्हत्या.

शेवटी महिनाभर डोक्याचा भुगा करून त्याने दुकानातून एक वाइड-अँगल लेन्स दोन दिवस वापरून बघायला आणली. झूम नव्हता, पण कमी उजेडातही फोटो लख्ख आणि अख्खं घर एका फोटोत.

तो फोटो पाहून काकू किंचाळली, "अगं बाई, कडेला ही भोपळ्यासारखी कोण?"

"तूच, काकू. या लेन्समध्ये कडेचा माणूस जरा पसरट दिसतो."

एवढं बोलायचा अवकाश, सगळं घर मधोमध घुसलं. काकू आणि आत्या गालाला गाल लावून बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने विचारलं, "काय, मावले का सगळे?"

"मावले की! माझ्या जुन्याच लेन्समध्ये."

"मग ही परत?"

"छे हो, विकतच घेतोय. धाक दाखवायला लागेल."