घोटभर सोनं

"नाही," गुणवंतराव म्हणाले. मागच्या खेपेला तपासणीचं यंत्र सुरू होताच पोटात निखारा ठेवल्यासारखं झालं होतं. आज काहीच नाही.

"नीट सांगा हं, काका," निलोफर सिस्टर म्हणाली. "औषधातले सोन्याचे कण गाठीतच जमतात. यंत्राने तापले तर तिथेच तापतात."

"थंडगार आहे हो सगळं!"

"मग गाठ गेली, काका!"

गुणवंतराव हसता हसता रडायला लागले. "अगं, ऐकलंस का?"

खाटेला खुर्ची चिकटवून बसलेल्या अनसूयाबाई पदराने वारा घेत होत्या. "ऐकलं. देव पावला. पण सिस्टर, पंखा लावा की. इथे छातीत डावीकडे नुसतं भाजतंय मला."

सिस्टरचा हात बटणावरच थांबला. "काकू, तुम्ही औषध प्यायलात?"

"ह्यांनी पेल्यात घोटभर उरवलं होतं. सोन्याचं पाणी, मोरीत कसं ओतायचं?"

सिस्टरने यंत्र बंद केलं.

गुणवंतराव खाटेवरून खाली उतरले.

"अहो, पडून राहा. तपासणी व्हायचीय ना अजून?"

"माझी झाली," ते म्हणाले आणि अनसूयाबाईंसाठी उशी सरळ करू लागले.