संतोषची चढाई

"आज संतोषचा पाय धरायचा नाही," वैजनाथ म्हणाला.

सोनू गुडघ्याला पट्टी बांधत होता. त्याचा हात थांबला. "म्हणजे?"

"मराठीतच सांगितलं ना? हात लाव, धरल्यासारखं दाखव आणि सोडून दे."

"पण बाबा, तो माणूस एवढ्या लांबून येतोय…"

"तो काही तुला बघायला येत नाहीये. आणि मैदानावर बाबा नाही. सर."

"ओके, सर," सोनू म्हणाला आणि पट्टी पुन्हा पहिल्यापासून बांधू लागला.

विश्रांतवाडीच्या त्या मैदानावर वैजनाथने उभी हयात घालवली होती. दिवसा शाळेत पीटी, संध्याकाळी इथे कबड्डी. पोरं यायची, घडायची आणि नोकरी लागली की दिसेनाशी व्हायची. टीव्हीवरच्या कबड्डी लीगपर्यंत एकही पोहोचला नाही. टोमणे मारणाऱ्यांची पुण्यात कधी टंचाई नसते. "काय सर, यंदाही टीव्हीवर तुमचं कोणी दिसलं नाही," असं लोक अगदी काळजीच्या सुरात म्हणत. वैजनाथ हसून सोडून द्यायचा, पण ते त्याला फार लागायचं.

मग संतोष आला. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता, आणि चढाईला गेला की बघणाऱ्यांच्या हातातले वडापाव तसेच राहायचे. लिलावाआधी एका संघाच्या पृथ्वीराज नावाच्या माणसाचा फोन आला, तेव्हा वैजनाथला नवल वाटलं नाही.

"तुमच्याकडचा एक मुलगा बघायचाय. आपापसात पूर्ण सामना लावा. कुठला मुलगा ते मी आधी सांगत नसतो. कळलं की पोरं बिचकून खेळतात."

"सांगायची गरजच नाही साहेब," वैजनाथ म्हणाला. "आलं लक्षात."

अडचण एकच होती, आणि ती त्याच्या घरातच जेवत होती. सरावात संतोषला अडवू शकणारा एकटा सोनू होता, त्याच्याच कॉलेजच्या संघातला. डाव्या कोपऱ्यात तो मुकाट उभा असायचा आणि संतोष जरा पुढे आला की खाली झेप घेऊन त्याचा घोटा पकडायचा. आजच्या दिवशी तसं झालं, तर संतोषचं नशीब तिथेच मातीत जाणार होतं. शिवाय स्वतःच्या पोरासाठी वैजनाथने दुसऱ्याचं पोर दाबलं, असं कोणी म्हणालेलं त्याला मुळीच चाललं नसतं. त्या भीतीपायी तो सोनूशी नेहमीच दोन शब्द जास्त कडू बोलत आला होता.

पृथ्वीराज वेळेवर आला. चहाला नको म्हणाला, खुर्ची मागून घेतली आणि सोनूच्या संघाच्या डाव्या कोपऱ्याजवळ टाकून बसला. वैजनाथ मनात खूश झाला. संतोषची चढाई बहुतेक वेळा त्याच कोपऱ्यावर जायची. माणूस जाणकार दिसतोय.

सामना सुरू झाला. संतोषने पहिल्याच चढाईत बोनस घेतला, दुसऱ्या चढाईत दोन गडी मारले. मैदानाभोवती शिट्ट्या वाजल्या. पृथ्वीराज मात्र मान खाली घालून पायांकडेच बघत होता. संतोष हात उंचावून परत पळाला तेव्हाही त्याने नजर वर केली नाही.

पायांचं काम बघतोय, वैजनाथने स्वतःला सांगितलं.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. पृथ्वीराजही उठला, खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला सोनूच्या कोपऱ्याशी जाऊन बसला.

शेवटी शेवटी संतोष जरा माजला. खोलवर घुसला. सोनू सवयीने खाली झेपावला आणि घोटा त्याच्या दोन्ही हातांत पक्का बसला. संतोष तोंडावर आपटला. मध्यरेषा दूर होती. सोनूने मान वळवून बापाकडे पाहिलं.

वैजनाथने तोंड दुसरीकडे फिरवलं.

सोनूचे हात सुटले. संतोष सरपटत रेषेला पोहोचला आणि बघ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. सोनू मातीतच बसून राहिला. त्याच्याकडे बघायचं धैर्य वैजनाथला झालं नाही. घरी गेल्यावर पोराच्या पाठीवरून हात फिरवायचा, असं त्याने ठरवलं. पुष्कळ दिवसांत फिरवला नव्हता.

सामना संपल्यावर दोघे कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले. आता पृथ्वीराजने चहा घेतला.

"एक विचारू सर? राग मानू नका. सामना खरा होता ना?"

"म्हणजे काय?"

"काही ठिकाणी ठरवून खेळतात. आपला मुलगा चमकावा म्हणून. आमच्याकडे तसं कळलं, तर सोडणारा आणि सुटणारा दोघेही कायमचे बाद. कुठलाच संघ मग दारात उभं करत नाही."

"माझ्या मैदानावर असलं चालत नाही," वैजनाथ म्हणाला. आवाज त्याने जरा चढवलाच. "अगदी खरा सामना होता. माझा शब्द आहे."

"मग प्रश्नच मिटला," पृथ्वीराज म्हणाला. "संतोष उत्तम आहे. कोणीतरी घेईल त्याला."

"कोणीतरी? तुम्ही नाही?"

"आम्हाला चढाईवाला नकोच आहे. आमचा डावा कोपरा रिकामा आहे. कॉलेजच्या सामन्यांचे व्हिडिओ बघून मालकांना मी एकच नाव दिलं होतं, ते आता परत घ्यावं लागणार. हातात आलेला पाय तुमच्या सोनूने सोडून दिला सर, आणि तोही खऱ्या सामन्यात."